गाणं अडवणारा पत्रा

मित्रांनो, आधीच कबूल करून टाकतो. मी एक जुना पत्रा आहे, आणि माझ्यामुळे एका आईच्या घरातली गाणी चार महिने बाहेरच अडून राहिली होती. मुद्दाम नाही केलं मी. पण मुद्दाम केली नाही म्हणून चूक ही चूक नसते, असं थोडंच आहे?

आज मी एकोडी गावात गोमाजीच्या गोठ्यामागे, गोवऱ्यांच्या ढिगावर पडून आहे. वारा उडवून नेईल म्हणून अंगावर दोन दगड ठेवले आहेत. एका बाजूला गंजाने इतकी भोकं पाडली आहेत, की कोंबडीचं पिल्लू त्यातून मान काढून माझ्याकडेच बघतं. सगळं अंग तांबडं झालंय. फक्त एका कोपऱ्यात, खिळ्याच्या भोकाशेजारी, चिंचोक्याएवढी जागा अजून लखलखीत आहे. येणारे-जाणारे विचारतात, एवढ्या गंजात ही जागा कशी काय राहिली? ते सांगायचं तर मला माझ्या तरुणपणी जावं लागेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. लोखंड तापवून, लाटून लाटून मला पातळ केलं, मग जस्ताच्या उकळत्या रसात बुचकळून काढलं. शेवटी दोन दात्यांच्या रुळांमधून असं काही दाबलं, की माझ्या अंगावर कायमच्या लाटा उमटल्या. तेव्हा मी इतका चकाकत होतो, की दुकानदार मला उन्हात ठेवत नसे. गिऱ्हाइकांचे डोळे दिपत. साकोलीच्या त्या दुकानात मी आणि माझे अकरा भाऊ भिंतीला टेकून उभे होतो. १९७८ सालच्या चैत्रात एक उंच, वाळका माणूस आला. त्याने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवून पाहिलं, आवाज ऐकून मान डोलावली आणि म्हणाला, "हे घेतो."

तो गोमाजी. धानाची शेती करणारा, एकोडीच्या तलावाखाली त्याच्या चार बांध्या. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, घेरलेला धानाचा तुकडा, त्यात पाणी साठवतात. बैलबंडीत आम्हाला रचून, दोरांनी आवळून, स्वतः वर बसून त्याने आम्हाला गावात आणलं. वाटेत भेटेल त्याला हाक मारून थांबवत होता. न थांबणाऱ्याला दुप्पट मोठ्याने हाक मारत होता.

त्याच्या या हौसेला कारण होतं. जंगल जवळ, त्यामुळे वानरांच्या टोळ्या गावात येत आणि घरांच्या कवेलूंवरून, म्हणजे मातीच्या कौलांवरून, उड्या मारत जात. एका टोळीत पंचवीस-तीस कवेलू फुटणार हे ठरलेलं. दर वर्षी मृगाच्या आधी गोमाजी छपरावर चढून कवेलू फेरायचा, म्हणजे पुन्हा नीट रचायचा, आणि दर वर्षी पावसाळ्यात धुरपता घरभर भांडी मांडायची. धुरपता म्हणजे त्याची बायको. गळणारं पाणी भांड्यात टपटप पडायचं आणि त्या तालावर ती काम करता करता गुणगुणायची. गोमाजीला ती टपटप सोसवत नव्हती. यंदा कवेलू काढायचे आणि पत्रे टाकायचे, असा त्याने पणच केला होता.

आम्ही छपरावर चढलो. सागाच्या वाशांवर खिळे ठोकून आम्हाला बसवलं. मी मधल्या खोलीवर, ओसरीच्या बाजूला. पहिल्याच आठवड्यात वानरांची टोळी आली, धडाधडा नाचून गेली, आणि माझ्यावर ओरखडासुद्धा उमटला नाही. गोमाजी अंगणात उभा राहून हसत होता. "आता येऊ दे पानी, येऊ दे वानरं! या पत्र्यातून काईच खाली येत नाई!" मी गर्वाने फुगलो. माझी एवढी स्तुती त्याआधी कुणी केली नव्हती.

काहीच खाली येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. तेच पुढे माझ्या अंगाशी आलं.

माझ्या बरोबर खाली, भिंतीतल्या फळीवर एक रेडिओ होता. लाकडी पेटीचा, पुढे सोनेरी कापड लावलेला, बॅटरीवर चालणारा. तो धुरपताच्या लेकीच्या, वच्छलाच्या हट्टापायी घरात आला होता. वच्छलाचा आवाज गोड होता आणि ऐकलेलं गाणं तिला एका वेळेत पाठ व्हायचं. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं आणि ती दूर, भंडाऱ्याच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठावर कारध्याला गेली. नदी ओलांडायची नव्हती एवढंच, बाकी एस.टी.ने अर्धा दिवस मोडायचा. रेडिओ मात्र मागे राहिला. एकुलती एक लेक गेल्यावर घर इतकं गप्प झालं होतं, की धुरपता चूल पेटवायच्या आधी रेडिओ लावायची. बातम्या असोत, शेतीचे सल्ले असोत, बाजारभाव असोत, तिला सगळं चालायचं. घरात कुणीतरी बोलतंय, एवढं तिला पुरे होतं.

आम्ही छपरावर बसलो त्याच संध्याकाळी तिने रेडिओ लावला. खरखर, खरखर. पार तळाशी कुणीतरी विहिरीतून बोलावं तसा एक आवाज, तोही उमटला नि बुडाला.

"बिघडला वाटते," गोमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने रेडिओ गोधडीत गुंडाळून सायकलवर बांधला आणि साकोलीला भोजराजच्या दुकानात नेला. भोजराज रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने लावला, तर रेडिओ खणखणीत बोलू लागला. गोमाजी खूश होऊन परत आला. घरी फळीवर ठेवला. खरखर, खरखर.

असं एकदा नाही, तीनदा झालं. भोजराजकडे बोलायचा आणि एकोडीत आला की मुका व्हायचा. भोजराजने विचारलं, "काकाजी, जाळीची तार लावली ना?" छपराखाली एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत तांब्याची जाळीदार पट्टी ताणलेली होती, तिच्यापासून एक तार खाली रेडिओत जायची. तिलाच रेडिओचा कान समजा. गोमाजी म्हणाला, "हाये ना बापा, होती तेथीच हाये." आणि ते खरंच होतं. जाळी जागची हलली नव्हती. फक्त तिच्यावर पूर्वी कवेलू होते आणि आता आम्ही होतो, हे सांगायचं गोमाजीला सुचलं नाही आणि विचारायचं भोजराजला. तिसऱ्या खेपेला तो हात टेकून म्हणाला, "काकाजी, रेडिओ चांगला हाये. तुमच्या घरीच काई हाये."

झालं! घरात काहीतरी आहे, हे ऐकून गोमाजी घाबरला. त्याने रेडिओच्या बटणाला लिंबू-मिरच्या बांधल्या. दृष्ट काढली. रेडिओचं तोंड पूर्वेला केलं, मग उत्तरेला केलं. शेवटी त्यावर फडकं टाकलं आणि त्या फडक्यावर चष्मा ठेवायला सुरुवात केली.

आता माझी खरी लाज सांगतो. या सगळ्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ माझ्या अंगावर बारीक मुंग्या येत. गुदगुल्या व्हाव्यात तशा. कधी ठेक्यात, कधी संथ. मला वाटायचं, नव्या छपराला होतच असेल असं काहीतरी. मी खुशाल डोळे मिटून त्यात डुलत असे. मला काय ठाऊक, की ती गाणी होती! नागपूरहून निघालेली, धुरपतासाठी आलेली सगळी गाणी मी एकटाच अंगावर घेत होतो आणि खाली ती माउली मुक्या पेटीसमोर भाकरी थापत होती.

ती गुणगुणेनाशी झाली. टपटप पडायचं थांबलं होतं, रेडिओही थांबला होता. तिला ताल धरायला काही उरलंच नव्हतं. गोमाजीला हे दिसत होतं. 

श्रावणात पोस्टमन धनीराम एक कार्ड घेऊन आला. धुरपताला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानेच ओसरीत उभं राहून वाचलं. वच्छलाने लिहिलं होतं: 'आई, आकाशवाणीची माणसं कारध्याला आली होती. बायकांची रोवणीची गाणी त्यांनी यंत्रात भरून नेली. माझं एकटीचं एक घेतलं. ते तुझंच गाणं आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला लागेल. एकदाच लागेल म्हणतात. आई, नक्की ऐक.'

धुरपताने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि धनीरामला पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

गावात दुसरा रेडिओ ग्रामपंचायतीत होता. तिथल्या ओट्यावर संध्याकाळी गावची पुरुषमाणसं बसत. बायका त्या ओट्यावर चढत नसत, तेव्हा तशी रीत होती. गोमाजी म्हणाला, "मी जातो, आइकून येतो, आन् तुले सांगतो."

धुरपता म्हणाली, "गानं काय सांगून आइकाले येते?"

 

शनिवार उजाडला. आभाळ भरून होतं. धुरपता सकाळपासून रोवणीवर, म्हणजे धान लावायला गेली होती. साडेचारला ती चिखलाच्या पायांनीच घरी आली, रेडिओवरचं फडकं काढलं, लिंबू-मिरच्या तोडून फेकल्या आणि फळीसमोर बसली. खरखर, खरखर. सहा वाजेपर्यंत ती बटण फिरवत राहिली. मग तिने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, माझ्याकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"अजी," तिने हाक मारली. गोमाजी आत आला. "लेकराचं पोट बिघडलं तं आपन काय पाह्यतो? नवं काय खाल्लं, ते पाह्यतो ना? मंग या घरात नवं काय आलं?"

"काय आलं?"

"पत्रा."

"पत्र्यानं काय केलं बापा त्याले?"

"कवेलूतून पानी येत होतं, ऊन येत होतं, गानं बी येत होतं. तुमीच तं म्हनता, यातून काईच खाली येत नाई."

गोमाजीने वर पत्र्याकडे पाहिलं. खाली कोपऱ्यात धानाची पोती होती, पावसाचे दिवस होते, आणि पत्रे ही त्याच्या आयुष्यातली पहिली गोष्ट होती जिच्यासाठी गावाने त्याला थांबून पाहिलं होतं. तो अंगणात गेला. मला वाटलं, रागावून निघून गेला. पण तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बांबूची शिडी होती आणि हातात पक्कड.

"सहा वाजून गेले," एवढंच तो म्हणाला. "येक पत्रा काढतो. पोते हटवून घे."

तो माझ्यासाठी येत होता. रेडिओच्या डोक्यावर मीच होतो ना! त्याने ओसरीच्या बाजूने शिडी लावली. पक्कड खिळ्याला लागली, खिळा कुरकुरला. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त शरम वाटली. उपटून काढ बाबा, असंच मनात आलं. पहिला खिळा निघाला. त्याच वाशाला जाळीचं टोक बांधलेलं होतं. पत्रा ओढताना ते अडकून तुटू नये म्हणून गोमाजीने ते सोडलं, बाहेर ओढलं आणि एका हातात धरलं. दुसऱ्या हाताने पक्कड सावरताना त्याचा तोल गेला. तो पडू नये म्हणून माझ्यावर रेलला, आणि जाळीचं तांबं खिळ्याच्या भोकाशेजारी माझ्या अंगाला घट्ट दाबलं गेलं.

माझ्या अंगावरच्या मुंग्या एकदम एका बाजूला धावल्या. वाट सापडलेल्या पाण्यासारख्या त्या सगळ्या तिथून खाली उतरल्या.

आणि खाली रेडिओ बोलू लागला. असा स्वच्छ, असा मोठा, की ग्रामपंचायतीतलाही तसा कधी बोलला नसेल.

"अजी!" धुरपता आतून ओरडली. "हालू नका! जसे आहा तसेच राहा!"

गोमाजी हलला नाही. एक पाय शिडीवर, अर्धं अंग माझ्यावर, मुठीत जाळीचं टोक. कुणा बाईने सांगितलं, आता ऐकू या कारध्याच्या वच्छलाबाईंचं रोवणीचं गाणं. आणि मग वच्छला गायला लागली.

*परे रोवता रोवता पाय जाते मागं,*
*जेवढी दूर सरतो मी, तेवढं हिरवं लागं.*

परे म्हणजे धानाची कोवळी रोपं. रोवणीच्या बाया वाकून ती लावत लावत मागे सरकतात, आणि त्या जितक्या मागे जातील तितकं पुढे हिरवं होत जातं. हे गाणं धुरपताने बांधीत जोडलं होतं, वच्छला तान्ही असताना, तिला धुऱ्यावर निजवून. 'जेवढी दूर' म्हटल्यावर वाकलेल्या पाठीमुळे धुरपताला दम लागायचा, म्हणून तिथे ती एक श्वास घ्यायची. वच्छला तर बसून गायली असणार, तिला दम कशाला लागेल? पण तीही 'जेवढी दूर' म्हणून थांबली, आईसारखाच श्वास घेतला, आणि मग पुढे गेली.

खाली धुरपताने रेडिओच्या सोनेरी कापडावर गाल टेकवला. ती रडत होती आणि सोबत गातही होती. चार महिन्यांनी.

पावसाची भुरभुर सुरू झाली. पोरीचा आवाज बुडू नये म्हणून मी जीव मुठीत धरून निपचित पडून होतो. गोमाजीच्या पागोट्यावर पाणी, मिशीवर पाणी, आणि डोळ्यांतलं कुठलं नि आभाळातलं कुठलं हे मलासुद्धा सांगता येणार नाही. त्याची मूठ मात्र सैल झाली नाही. गाणं संपलं, दुसरं काहीतरी लागलं, तरी तो तसाच होता. शेवटी धुरपता ओसरीत आली आणि वर बघून म्हणाली, "उतरा आता. भिजले ना सारे."

"आली होती ना पोरगी?" त्याने विचारलं.

"आली होती."

दुसऱ्या आठवड्यात भोजराज स्वतः सायकल मारत आला. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "काकाजी, पत्रा टाकला हे सांगाचं ना! मी बी इचारलं नाई म्हना." मग ओसरीत बसून, चहा पीत, त्याने समजावून सांगितलं, आणि मला माझी गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. नागपूरहून निघालेली रेडिओची लहर जमिनीला धरून येते. ओल्या जमिनीवरून, पाणी भरलेल्या बांध्यांवरून तिला चालणं सोपं जातं. उन्हाने तडकलेली माती आणि कोरडा खडक तिचा जोर खातात. धुरपता लगेच म्हणाली, "म्हनूनच रोवनीच्या दिवसात रेडिओ मोठा बोलते आन् उन्हाळ्यात लहान!" तिच्या हे कधीच लक्षात आलं होतं, कुणी विचारलंच नव्हतं. माती, लाकूड, धानाचं तणस, कवेलू यांच्यातून लहर आरपार जाते. पण धातूवर आली की ती त्याच्या अंगावर पसरते, बरीचशी मागे फिरते, खाली उतरत नाही. जाळी माझ्या पोटाखाली होती, म्हणून तिच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. आणि तीच जाळी मला जोडली, तर मी आणि माझे अकरा भाऊ मिळून रेडिओचा केवढा तरी मोठा कान झालो.

अडवणारा पत्रा तोच, ऐकवणाराही तोच. फरक एका तारेचा.

भोजराजने स्क्रू लावून तार पक्की केली आणि बजावलं, की ढग गरजायला लागले की तार रेडिओतून काढून बाहेर ओल्या मातीत खोचायची. वीज हीही आभाळातूनच येते आणि तिला घरात बोलवायचं नसतं. गोमाजीने ते कधी चुकवलं नाही. धुरपताने दुसरं काम उचललं. तार लागते तिथे गंज चढला की आवाज पुन्हा खरखरतो, हे तिच्या ध्यानात आलं. मग दर शनिवारी गोमाजी शिडी धरायचा आणि ती वर चढून, राखेने ती जागा घासून, पदराने पुसून, तार परत लावायची. लोक हसत. ती हसणाऱ्यांना राखेची मूठ उगारून दाखवायची.

आठ वर्षं मी तसा राहिलो. किती गाणी, किती बातम्या माझ्या त्या कोपऱ्यातून घरात उतरल्या! वच्छलाचं गाणं मात्र पुन्हा लागलं नाही. पुढे १९८६ च्या वैशाखात वादळाने आमची एक बाजू उचलून पिळून टाकली. नवे पत्रे आले, भोजराजने त्यांना तार जोडून दिली, आणि मी गोठ्यामागे आलो. पहिले काही दिवस फार एकटं वाटलं. अंगावर मुंग्या अजून येत, पण त्यांना जायला वाट नव्हती.

मित्रांनो, मी गंजलो याची तक्रार नाही; लोखंड गंजायचंच. पण एक मागणं आहे. तुमच्या घरातही अशी एखादी लहानशी जागा असेल, जिथून दूरच्या माणसाची हाक आत येते. ती एवढीशी असते, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. तेवढी घासूनपुसून ठेवा. बाकी सगळं गंजलं तरी चालेल.

कारण धुरपता अजूनही दर शनिवारी गोवऱ्या न्यायला येते, खाली बसते आणि चिमूटभर राखेने माझा तो कोपरा घासते. गोमाजीला आता शिडी चढवत नाही. परवा तो काठी टेकत आला आणि बघत उभा राहिला. म्हणाला, "तार तं नाई आता येथी. काहून घासतं?"

तिने पदराने ती जागा पुसली, अंगठा फिरवून पाहिला, आणि म्हणाली, "येथून माही पोरगी घरी आली होती."